नुसती झडप, दोन तुकडे की बेंटॉल? रामदासपेठेतल्या एका हृदयशस्त्रक्रिया विभागाचा अनुभव

ह्यांचं हृदयाच्या झडपेचं आणि महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, ऑपरेशन झालं. त्याचे आधी गुण सांगून टाकते. सर्जनला पाचपैकी पाच, आयसीयूच्या सिस्टरांना पाच, फार्मसीला दोन आणि बिलिंगच्या खिडकीला एक, तोही बाहेर बसायला खुर्च्या होत्या म्हणून. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मला नोटिशींचा पत्रव्यवहार करायचा नाही. रामदासपेठेत आहे, एवढं पुरे.

ज्यांच्या घरी कुणाला ‘झडपही खराब आहे आणि महाधमनीही फुगली आहे’ असं एका दमात सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बायपासवाल्यांना यातलं बिलाचं तेवढं उपयोगी पडेल.

ह्यांचं वय ५७. कळमना मार्केटात संत्र्याची आडत आहे, हिशेब मी ठेवते. आंबिया बहाराची आवक सुरू झाली तसे हे संध्याकाळी घरी आले की जेवणाआधीच झोपायला लागले. रामटेकला गडाच्या पायऱ्या चढताना मधेच बसले. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणे, “वय झालं ना आता, काहून मागं लागून राहिली?” खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडा म्हणून मी लग्नापासून मागे लागलेली आहे, त्यामुळे माझ्या मागे लागण्याला घरात फारशी किंमत उरलेली नाही. शेवटी मुलीने परस्पर इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, वेळ घेतली.

इकोत निघालं ते असं. हृदयातून महाधमनीत रक्त जातं तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. ह्यांना जन्मापासून दोनच. हे शंभरात एक-दोन जणांना असतं आणि बहुतेकांना पन्नाशीपर्यंत पत्ताही लागत नाही. मग त्या पाकळ्यांवर कॅल्शियम साठून त्या कडक होतात. ह्यांची झडप उघडून उघडून ०.७ चौरस सेंटीमीटर उघडत होती. एकच्या खाली गेली की गंभीर धरतात. रिपोर्टच्या तळाशी आणखी एक ओळ होती: चढती महाधमनी (हृदयातून वर जाणारा तिचा भाग) ४.९ सेंमी. तिथे साधारण तीन-साडेतीन असायला हवं. दोन पाकळ्यांच्या झडपेबरोबर महाधमनीची भिंतही पुष्कळदा कमजोर असते, म्हणजे हे दोन वेगळे आजार योगायोगाने एकत्र आलेले नव्हते. हे आम्हाला बरंच नंतर कळलं.

पहिल्या सर्जनकडे पाच मिनिटं लागली. झडप बदलू, महाधमनीवर लक्ष ठेवू, काउंटरवर तारीख घ्या. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, झडप बदलू आणि वरच्या फुगलेल्या भागाच्या जागी कृत्रिम नळी घालू, झडपेलगतचा महाधमनीचा बुंधा तसाच ठेवू. तिसरे सर्जन म्हणजे आता ज्यांना पाच गुण दिलेत ते. त्यांनी मत दिलंच नाही. “इकोवर मी नळीचं माप ठरवत नाही. ठोक्याशी जुळवून केलेला सीटी अँजिओ आणा, मग बोलू.”

आम्ही आडतवाले लोक. काट्यावर विश्वास ठेवतो, पण काटा कुणाचा आणि माल कुठल्या बाजूने ठेवला तेही बघतो. म्हणून हे वाक्य ह्यांना एकदम पटलं. मलाही.

सीटी आल्यावर त्यांनी आम्हाला आपल्या खुर्चीशेजारी बसवून स्क्रीनवर महाधमनी फिरवून दाखवली. इकोत छातीच्या फटीतून जेवढं दिसतं तेवढंच मोजता येतं आणि रेघ जरा तिरकी पडली तरी आकडा बदलतो. सीटीत नळीला अगदी आडवा छेद घेऊन माप मिळतं. झडपेच्या वरचा बुंधा, जिथून हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या निघतात, तो ४.७. त्याच्या वर ५.३. पुढे महाधमनी वळते त्या कमानीच्या तोंडाशी ४.२. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि जवळजवळ पाऊण तास बोलले. बाहेर पेशंट खोळंबले होते, ते मला दिसत होतं. मी उठले नाही.

नुसती झडप बदलली तर ऑपरेशन सर्वांत लहान, पण फुगलेली भिंत आत तशीच राहते. काही आजार नसताना केवळ महाधमनीसाठी छाती उघडायची असेल तर साधारण साडेपाच सेंटीमीटरपर्यंत थांबतात, दोन पाकळ्यांच्या झडपेत इतर धोके असतील तर पाचलाच करतात. पण झडपेसाठी छाती उघडणारच असाल तर साडेचारच्या पुढची महाधमनी त्याच वेळी बदलावी. म्हणजे पहिल्या सर्जनांचं ‘लक्ष ठेवू’ त्यांच्या हातातल्या ४.९ च्या रिपोर्टवरही बसत नव्हतं. तिसऱ्यांनी त्यांच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. आकडे समोर होते, बेरीज मी केली.

झडप वेगळी आणि नळी वेगळी, असे दोन तुकडे बसवायची पद्धत १९६४ पासून आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना हात लावावा लागत नाही, वेळ कमी लागतो. बुंधा धड असेल तर हीच चांगली, असं ते स्वच्छ म्हणाले. “तुमचा बुंधा ४.२ असता तर मी हेच केलं असतं.” ४.७ चा बुंधा मागे ठेवला तर पुढे तोच फुगू शकतो, आणि तेव्हा जुन्या टाक्यांच्या जाळ्यातून परत आत शिरावं लागतं.

तिसरा मार्ग बेंटॉल. लंडनच्या ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया. झडप, बुंधा आणि चढती महाधमनी, तिन्ही काढायचं आणि त्या जागी आतच झडप शिवलेली डेक्रॉन नावाच्या कृत्रिम कापडाची नळी बसवायची. हृदयाच्या दोन्ही रक्तवाहिन्या मुळाशी बटणाएवढी भिंत ठेवून कापतात आणि नळीला भोक पाडून तिथे पुन्हा शिवतात. नळीचा नमुना त्यांच्या टेबलावर होता: पांढरी, हार्मोनियमच्या भात्यासारख्या चुण्यांची. ह्यांनी ती ओढून पाहिली, परत सोडली, परत ओढली. मी दटावलं.

स्वतःची झडप वाचवून फक्त बुंधा बदलायची पद्धतही आहे, टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांची, १९९२ पासून. पण त्यासाठी पाकळ्या मऊ, शाबूत लागतात. ह्यांच्या पाकळ्यांवर कॅल्शियमचे खडे होते, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. ह्यांच्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली ‘छाती न उघडता मांडीतून झडप’ हीसुद्धा मी विचारून घेतली. त्यात झडप बसेल, फुगलेली महाधमनी जिथल्या तिथे राहील. मामेभावाला हे दोनदा सांगितलं, तो अजून पाठवतो.

मी दोन प्रश्न लिहून नेले होते. तुम्ही स्वतः वर्षाला किती बेंटॉल करता, आणि त्यातले किती जण दगावले. माझा आवाज थोडा कापला. त्यांनी दोन्ही आकडे सांगितले, शिवाय मेंदूला झटका, रक्तस्रावासाठी परत उघडावं लागणं, पेसमेकर लागणं, हेही सांगितलं. कुणी या प्रश्नावर रागावला असता तर मी तिथूनच परतले असते.

खरी घालमेल झाली ती झडप कुठली घ्यायची यावर. धातू-कार्बनची यांत्रिक झडप टिकाऊ, पण जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि त्यासाठी आयएनआर नावाची रक्ततपासणी, आकडा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर ती कटकट नाही, पण साधारण दहा-पंधरा वर्षांनी ती झिजते. पन्नाशीच्या आत बहुधा यांत्रिक, पासष्टीच्या पुढे बहुधा ऊतीची, आणि मधल्या वयात पेशंटला विचारून. ५७ म्हणजे नेमकं मधलं.

डॉक्टरांनी ह्यांना वय विचारलं नाही, दिवस कसा जातो ते विचारलं. हे बहाराच्या दिवसांत काटोल, नरखेड, वरुडच्या बागा पालथ्या घालतात. सकाळी बागेत, दुपारी ट्रक भरणं, रात्री कुठल्या तरी ढाब्यावर. संत्र्याच्या कलमाखालच्या जंबेरीच्या फुटव्यांचे काटे हाताला लागलेले असतात. गोळी वेळेवर घेणं हा ह्यांचा गुण नाही. शिवाय त्या गोळीबरोबर पालक-मेथीसारख्या पालेभाज्यांचं प्रमाण रोज सारखं ठेवावं लागतं, आणि बागवाल्याच्या घरी जे वाढलं ते हे खातात. “मग ऊतीची घ्या,” डॉक्टर म्हणाले, “पण सत्तरीच्या आसपास पुन्हा काहीतरी करावं लागेल, हे आजच मान्य करून.” त्या वेळी जुन्या झडपेच्या आत मांडीतून नवी झडप सरकवता येऊ शकते, त्यासाठी आत्ता बसेल तेवढी मोठ्या मापाची बसवायची. म्हणजे मामेभावाचा व्हिडिओ तेव्हा कामी येईल.

ऊतीच्या झडपा डुकराच्या असतात किंवा गाय-बैलाच्या हृदयावरच्या पडद्यापासून बनवतात, हे त्यांनी आम्ही न विचारता सांगितलं आणि घरी बोलून या म्हणाले. सासूबाईंना कसं सांगायचं याची मला धास्ती होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ते आंग धरते का नाही?” मी हाच प्रश्न पुढच्या भेटीत नेला. ग्लुटरअल्डिहाइडमध्ये प्रक्रिया करून त्यातल्या जिवंत पेशी संपवलेल्या असतात, त्यामुळे किडनी बदलल्यावर शरीर अवयव नाकारू नये म्हणून देतात तसली औषधं लागत नाहीत. सासूबाईंनी मान हलवली आणि गाथा उघडली. आम्ही पडद्याची झडप घेतली.

तयारीत दोन गोष्टी मला आवडल्या. एक, दातांची तपासणी झाल्याशिवाय तारीख मिळाली नाही. दातातला जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतो. खर्ऱ्याने आतल्या दोन दाढा पोखरल्या होत्या, त्या काढल्या, आणि दाताच्या डॉक्टरांनी ह्यांना जे सुनावलं ते ऐकायला मी मुद्दाम आत थांबले होते. दुसरी, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी. आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आहे, पुष्कळांना वाहक असल्याचं ठाऊकही नसतं. कमानीजवळची शिवण घालताना शरीर पंचवीस अंशांपर्यंत थंड करून थोडा वेळ रक्तप्रवाह थांबवतात, मेंदूला मात्र काखेजवळच्या धमनीतून वेगळं रक्त देतात. अशा थंडीत सिकलच्या पेशी आकार बदलून अडकू शकतात. ह्यांची चाचणी निगेटिव्ह आली. रक्तदाते शोधायला त्रास झाला नाही. कळमन्यातले हमाल आणि दोन ट्रकवाले सकाळीच येऊन बसले होते.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे. सकाळी नेलं, दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. मधे एका सिस्टरने दोनदा खाली येऊन ‘आता मशीनवर घेतलं’, ‘आता मशीनवरून काढलं’ एवढं सांगितलं. (मशीन म्हणजे त्या वेळात हृदय-फुप्फुसाचं काम करणारं.) हे कुणी ठरवून ठेवलं असेल त्याचे आभार. तिसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडली, मॉनिटर कोकलायला लागला आणि माझे पाय गेले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “ताई, हे खूप जणांना होते, औषध चालू केलं आहे.” दुसऱ्या दिवशी लय जागेवर होती. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते फुप्फुसाच्या व्यायामाचं खेळणं ह्यांनी चिडत का होईना केलं. जेवण मिठाशिवायचं, ह्यांनी सावजी कधी खाता येईल हे राउंडला विचारलं, डॉक्टरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आता माझा प्रांत, बिल. अंदाजपत्रक साडेपाच लाखांचं होतं, बिल सहा लाखांच्या वर गेलं. प्लाझ्मा, प्लेटलेट आणि आयसीयूतला वाढीव मुक्काम हे मला मान्य. पण फार्मसीने परत केलेला माल वजा केला नव्हता, आणि एक महागडा कॅथेटर एकाच तारखेला दोनदा लावला होता. मी तपशीलवार बिल मागितलं तर खिडकीवर उत्तर मिळालं, “पॅकेज आहे मॅडम, तसं कुणी मागत नाही.” मी मागितलं. दिवसाअखेर मिळालं, दोन्ही चुका दुरुस्त झाल्या, पण त्यात डिस्चार्जला रात्र झाली आणि टाके घातलेला माणूस कपडे करून पलंगावर बसून राहिला. म्हणूनच खिडकीला एकच गुण.

विम्याचं दोन ठिकाणी अडलं. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा आहे. आम्ही त्याहून महाग खोली घेतली असती तर फक्त भाड्यातला फरक नाही, डॉक्टर-थिएटरच्या शुल्कातूनही त्याच प्रमाणात कपात झाली असती. अ‍ॅडमिशनच्या टेबलावर हे कुणी सांगत नाही, उलट ‘डिलक्स घ्या, इन्शुरन्स आहे ना’ म्हणतात. मी शेअरिंग घेतली. दुसरं, कंपनीने ‘जन्मजात आजार’ म्हणून शंका काढली. बाहेरून दिसणारं जन्मजात व्यंग आणि आतलं जन्मजात व्यंग यांत विमा नियम फरक करतात, झडप आतली. सर्जनच्या सहायकाने अर्ध्या पानाचं पत्र लिहून दिलं आणि मंजुरी आली. ते पत्र त्याने जेवणाची सुट्टी सोडून लिहिलं होतं.

झडपेच्या आणि नळीच्या खोक्यावरचे अनुक्रमांकाचे स्टिकर डिस्चार्ज फाइलमध्ये चिकटवलेले असतात. आमच्या फाइलमध्ये झडपेचा होता, नळीचा नव्हता. मागितल्यावर निघाला. झडपेचं कार्डही मागून घ्या, ते पाकिटात राहू द्या.

घरी आल्यावर पहिले तीन महिने रक्त पातळ करायची गोळी होतीच, नंतर ती बंद होऊन फक्त अ‍ॅस्पिरिन. त्या तीन महिन्यांतच आयएनआर वर-खाली होऊन आमची दमछाक झाली, यांत्रिक झडप घेतली असती तर काय झालं असतं ते कळलं. आकडा फोनवर कळवला की त्याच दिवशी डोस सांगणारी एक सिस्टर त्या विभागात आहे. माझ्या मते अख्ख्या हॉस्पिटलात सर्वांत कमी कौतुक होणारी आणि सर्वांत उपयोगी व्यक्ती तीच. छातीचं हाड जुळेपर्यंत स्कूटर नाही, वजन उचलणं नाही. मृग बहार ह्यांनी खुर्चीत बसून, फोनवर ओरडत काढला. खर्रा सुटलेला आहे, आज तरी.

एक तक्रार मात्र बिलापेक्षा मोठी. दोन पाकळ्यांची झडप घराण्यात चालते, जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांनी एकदा इको करून घ्यावा, हे डिस्चार्जच्या कागदावर कुठेही नव्हतं. नंतरच्या तपासणीत एका शिकाऊ डॉक्टरने सहज विचारलं, “मुलांचा झाला ना इको?” मुलगा-मुलगी दोघांचा चांगला आला. धाकट्या दिरांचा नाही. त्यांनाही दोनच पाकळ्या, महाधमनी ४.१. अजून काही त्रास नाही, दरवर्षी माप घ्यायचं आहे. ते ४९ वर्षांचे आहेत आणि ट्रकवर स्वतः पोती चढवत होते. सर्जनना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते वाक्य डिस्चार्जच्या साच्यात घालायला सांगतो म्हणून कबूल केलं. घातलं की नाही ते पुढच्या वेळी कुणाचा तरी कागद बघून ठरवीन.

जाणाऱ्यांसाठी: ओपीडीला टोकन सकाळी लवकर घ्या, या सर्जनकडे उशीर होतोच, कारण ते आतल्या माणसाला घाईने बाहेर काढत नाहीत. गाडी आणू नका, त्या गल्ल्यांत लावायला जागा नाही. पूर्व नागपुरातून मेट्रोने झाशी राणी चौकात उतरा आणि पुढे ऑटो करा. आणि सीटीची सीडी परत मागून घरी ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला जुनं माप लागतं आणि आमच्या वेळी रेकॉर्ड विभागाला ती शोधायला आठवडा लागला होता.